तांड्याची कॅप्टन

देवला तांडा, ता. कळमनुरी
१३ ऑक्टोबर २०२४

पुजे,

जय सेवालाल. पत्र बघून हसू नको. तुमच्या अकादमीनं लीग संपेपर्यंत पोरींचे मोबाईल जमा करून घेतले, अन् रविवारी ऑफिसातल्या फोनवर तू बोलतीस तवा वॉर्डनबाई शेजारी कान देऊन बसलेली. संघाची बातमी बाहेर फुटू नये म्हणून म्हणं. मग तुझ्या चुलत भावानं करावं तरी काय? दुकानात रिचार्जवालं गिऱ्हाईक नसलं की लिहीत बसतो. बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहून राहिलो, बोटं आखडून गेली.

'नर्मदा वाघिणी'च्या संघात तुझं नाव लागलं हे कळलं त्या दिवशी दिवाळीसाठी आणलेले फटाके सगळे वाजून गेले. आता दिवाळीला लेकरं टाळ्या वाजवतील. आश्रमशाळेचे देविदास सर मुद्दाम मोटारसायकलवर आले, पारुआजीच्या पाया पडले. आजी म्हणते, "मास्तर, पोरीच्या हातात काठी तुमीच दिली ना? आता लगीन पण तुमीच जमवा." सरांनी मोटारसायकलला किक मारली.

आता खरी गंमत. मोबाईलवर फँटसी हॉकी असते. मॅच खेळणाऱ्या दोन्ही संघांतून आपल्या मनाच्या अकरा पोरी निवडायच्या. त्यांनी मैदानात गोल केला, बॉल अडवला, की पॉइंट आपल्याला. एकीला कॅप्टन करायचं, तिचे पॉइंट दुप्पट. मी आपल्या तांड्याची लीग काढली. पैसाबिसा काही न्हाई, नुस्ती इज्जत. पण जगन नायकाला कळलं अन् त्यानं सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. म्हणाला, "पोरगी तांड्याची हाये. कॅप्टन तीच. जो तिला ठेवणार न्हाई त्याच्यावर दंड. एक गुळाची भेली अन् नारळ." भांडणाचा दंड ऐकला होता, सोयरीक मोडल्याचा ऐकला होता. मोबाईलच्या खेळाला दंड लावणारा आपलाच तांडा पहिला असंल.

तुझ्या बानं, पेमाकाकानं, सगळ्यांच्या आधी तुला कॅप्टन केलं. चौथी शिकलेला माणूस, इंग्रजी अक्षरं कुठून वाचणार? फोटो बघून बोट ठेवतो. तुझा फोटो दाबला अन् मोबाईल घेऊन घरोघर दाखवत हिंडला.

ॲपमध्ये तुझ्या नावापुढं हिरवा बाण हाये, वर जाणारा. खाली लिहिलंय, 'मोठी होणारी खेळाडू, आत्ताच घ्या.' भारताच्या ज्युनियर कॅम्पची निवड कधी हाये ते लिही. अन् गोल किती मारणार तेही. नायकानं विचारलंय.

तुझा भाऊ,
दिपक


जबलपूर
२७ ऑक्टोबर २०२४

दिपकभिया,

तुझं पत्र मी खोलीत सगळ्यांना हिंदीत करून वाचून दाखवलं. गुळाच्या भेलीवर सलोमी इतकी हसली की पलंगावरून खाली आली. सलोमी म्हणजे झारखंडची, माझ्या शेजारच्या पलंगावर झोपते. केसांना तेल लावून देते माझ्या.

नायकाला सांग, गोल किती ते बॉलला विचारा. मला संघात घेतलंय ते पेनल्टी कॉर्नरसाठी. बॉल आत येतो, एकजण तो थांबवते, मग मी खाली वाकते, काठीच्या पुढच्या टोकाशी बॉल ओढत आणते अन् अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून गोलात फेकते. त्याला ड्रॅग फ्लिक म्हणतात. डावा पाय पुढं रोवायचा असतो. सगळं अंग त्या एका गुडघ्यावर येतं. कोच मॅडम म्हणतात, असा फ्लिक असणाऱ्या पोरी देशात बोटावर मोजण्याएवढ्या.

कॅम्पची निवड सेमीफायनलच्या वेळी. जानेवारीत. निवडवाले रांचीला येऊन बसणार आहेत. अन् आमच्या संघातून एकच फ्लिकर घेणार. एक तर मी, न्हाईतर सलोमी. तेल लावताना आम्ही दोघी बाकी सगळं बोलतो, हे सोडून.

एक सांगते, तुझ्यापुरतंच ठेव. डावा गुडघा धरायला लागलाय. सकाळी जिना उतरताना कळ येते, मैदानावर अंग गरम झालं की थांबते. इथं शितल मॅडम आहेत, आमचे हातपाय त्याच बघतात. त्यांना सांगितलं तर पहिलं काम म्हणजे फ्लिक बंद. मग फ्लिक कोण मारणार ते तुला सांगायला नको. अन् बाला तर अजिबात बोलू नको. तो दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल अन् मला उचलून घेऊन जाईल. त्याचा भरवसा न्हाई.

याडीला म्हण, लोणचं संपलं. मी एकटीनं न्हाई संपवलं, ह्या सगळ्या भुतांनी संपवलं.

तुझी,
पुजा


देवला तांडा
२४ नोव्हेंबर २०२४

पुजे, पुजे, पुजे!

काय मारलास गं तो दुसरा गोल! नायकाच्या ओसरीवर टीव्हीला मोबाईल जोडला होता. पहिल्या गोलाला पारुआजी उभी राहिली, दुसऱ्याला तुझी याडी, निर्मलाकाकी, तोंडाला पदर लावून रडायला लागली, अन् नायकानं स्वतःच्या हातानं हलगी वाजवली. त्याला वाजवता येत न्हाई हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पण एक घोटाळा झालाय. सगळ्यांची कॅप्टन तूच, म्हणून सगळ्यांचे पॉइंट जवळपास सारखे. कोण जिंकलं हे ठरवायला भांडण येतं गोलकीपरवर. मुन्ना अन् नायकाचा पोरगा गोलकीपरवरून एकमेकांची गचांडी धरायला उठले. तुला काढली तर कोणीतरी सहज पुढं निघंल, हे सगळ्यांना कळतंय. पण तांड्याच्या लेकीला काढायचं कोणाचं काळीज हाये?

ॲपवाल्यांनी तुझ्यावर अख्खा लेख लिहिलाय. पुढच्या दोन वर्षांत ही पोरगी कुठल्या कुठं जाईल म्हणून. त्यात 'पोटेन्शियल' असा शब्द होता. नायकानं अर्थ विचारला. मी म्हटलं, अजून झालं न्हाई पण होणार हाये, ते. तो म्हणाला, "मग ते उभ्या पिकासारखंच झालं की. घरात येईस्तोवर कशाला मोजून राहिले?" म्हाताऱ्यानं माझा सगळा मूड घालवला.

गुडघ्याचं मी कोणालाच बोललो न्हाई. बोललो असतो तर आजीनं लिंबू उतरवलं असतं अन् तांड्यानं तोंड पाडलं असतं. थोडं सोस. सेमीफायनलपर्यंतची तर बात हाये. एकदा कॅम्पला गेलीस की तिथं मोठमोठे डॉक्टर असतात, ते बघतील. मी डॉक्टर न्हाई, पण हे मी बराबर सांगून राहिलो.

पेमाकाका मॅच संपली तरी टीव्हीसमोरून उठत न्हाई. तुमी पोरी एकमेकींच्या गळ्यात पडता ते बघत बसतो. लोणचं पाठवलंय.

दिपक


जबलपूर
८ डिसेंबर २०२४

दिपकभिया,

लोणचं मिळालं. बरणी फुटली न्हाई हे नशीब.

दोन मॅच झाल्या, एकीत गोल झाला, एकीत न्हाई. तू बघितलंच असशील. न्हाई झाला त्याचं कारण तुला ठाऊक आहे. आता गुडघा रात्रीचा सुजतो. मी घट्ट पट्टी बांधते अन् वरून लांब मोजे घालते. बरेलीची एक पोरगी दुखण्याच्या गोळ्या देते, तिच्याकडं पाकीटच असतं. गोळी घेतली की दोन-तीन तास पाय माझाच असतो. मग पुन्हा कोणाचा तरी असल्यासारखा वाटतो.

शितल मॅडमनी परवा विचारलं, "पूजा, लेफ्ट घुटना ठीक है ना?" मी एका पायावर उड्या मारून दाखवल्या. उजव्या पायावर. त्या हसल्या अन् पुढं गेल्या. मला त्यांचं वाईट वाटलं, चांगल्या आहेत गं त्या. बघ, 'गं' लिहून गेले तुला. डोकं ठिकाणावर न्हाई.

एक विचारायचंय. रविवारी फोनवर बानं एकदम विचारलं, "पाय कसाय?" एरवी तो 'जेवलीस का' सोडून काही विचारत न्हाई. वॉर्डनबाई समोर होत्या. मी म्हटलं, ठणठणीत. त्यानं फोन याडीकडं दिला. तू सांगितलंस का त्याला? खरं सांग.

सलोमीचा फ्लिक सुधारलाय. मी रोज तिला म्हणते, छान. ती पण मला म्हणते.

पुजा


देवला तांडा
१९ डिसेंबर २०२४

पुजे,

आईशपथ, मी काकाला एक शब्द बोललो न्हाई. पण आता जे लिहून राहिलो ते वाचताना बस. उभी राहून वाचू नको.

तुझ्या बानं तुला संघातून काढलं. नुस्तं कॅप्टनपद न्हाई, अकरातूनच काढलं. अन् तुझ्या जागी कोण, तर ती तुझी झारखंडची सलोमी. तिला कॅप्टन.

लीगमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे संघ दिसतात. मुन्नानं बघितलं अन् बोंब मारली. मला वाटलं चुकून बोट लागलं असंल. नायकानं बोलावलं, विचारलं, "पेमा, चुकून झालं का?" काका म्हणाला, "न्हाई." बस्स, एवढंच. घरी गेला, गुळाची भेली अन् नारळ आणून ठेवला लिंबाखाली. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. पुन्हा दंड. निर्मलाकाकी त्याच्याशी बोलत न्हाई. आजी म्हणाली, "दुसऱ्याची लेक डोईवर, अन् पोटची पायदळी." तरी ह्याचं तोंड बंद.

अन् कळस ऐक. त्या दुसऱ्या मॅचला तुझा गोल झाला न्हाई, शेवटी त्या सलोमीनं मारला ना? काका लीगमध्ये पहिला आला! एकटाच पुढं, बाकी सगळा तांडा मागं. आता लोकं काय बोलून राहिले ते लिहायला नको. पेमानं पोरगी विकली पॉइंटासाठी, असं मुन्ना सगळ्यांसमोर बोलला. मला वाटलं काका त्याच्या अंगावर जाईल. काका शेताकडं निघून गेला.

मला तर वाटतं त्याला जिंकायची चटक लागली. माणूस कितीही शांत असो, पहिला नंबर दिसला की फिरतो. मला लई राग आला, म्हणून तुला सांगितलं. तू मनाला लावून घेऊ नको. तू खेळ, अन् असा गोल मार की त्याला मोबाईल फेकावासा वाटंल.

दिपक


जबलपूर
२९ डिसेंबर २०२४

दिपकभिया,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. काल संध्याकाळीच मी शितल मॅडमच्या खोलीकडं निघाले होते. खरं सांगते. गुडघ्याला आता जागच्या जागी वळलं तरी आतून काहीतरी सरकतं. मी ठरवलं होतं, सगळं सांगून टाकू, कॅम्प गेला तर गेला, सलोमी जाऊ दे. जिन्याखाली शिपायानं पत्र हातात दिलं. तिथंच पायरीवर बसून वाचलं. मग वर गेलेच न्हाई, परत खोलीत आले.

बा मला काढतो? बा? अन् सलोमीला ठेवतो? तिला एकदा तरी त्यानं बघितलंय का समोर? मला काठी घ्यायला कोण आलं होतं नांदेडला, सलोमीचा बा आला होता का?

त्याला वाटत असेल पोरीत आता दम न्हाई. बघू. रांचीला अकरा तारखेला सेमीफायनल आहे. पाच तारखेला आम्ही निघतो. त्याला सांग, मॅच बघ म्हणावं. ओसरीवर सगळ्यांच्या पुढं बसून बघ. पाय तुटला तरी चालेल, पण मी त्याला दाखवते.

मला आता काही लिहू नको.

पुजा


कळमनुरी
४ जानेवारी २०२५

पुजे,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवून राहिलो, तुमी निघालात तरी मागोमाग रांचीला धाडा असं पाकिटावर लिहिलंय. तुझं उत्तर अजून आलं न्हाई. आधी एवढंच वाच अन् बाकी नंतर वाच: शितल मॅडमकडं जा. आत्ताच्या आत्ता. गुडघ्याचं सगळं सांग.

काल काकानं तिसऱ्यांदा दंड भरला. नायकाच्या ओसरीवर भेली ठेवली अन् शेताकडं निघाला. मी मागं गेलो. म्हटलं, "काका, लोकं काय काय बोलून राहिले. तुमी काहून असं करता?"

तो म्हणाला, "तिचा पाय दुखून राहिला."

म्हटलं, "कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मॅच सरली की बाकीच्या पोरी पळत एकमेकींकडं जातात. माझी चालत जाते. फोनवर विचारलं तर म्हणते ठणठणीत. माझं लेकरू खोटं बोललं की त्याचा आवाज मोठा होतो."

"मग संघातून नाव काढून काय होणार?"

पुजे, त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच येडा. म्हणाला, "अरे, अकादमीत घातलं तवा बापाची सही. दौऱ्यावर नेलं तवा बापाची सही. इंजेक्शन द्यायचं तरी बापाची सही. बापाच्या हुकमाबिगर ते तिला हलवत न्हाईत. मग बापानंच नाव काढलं तर तिला बसवतील का न्हाई? पहिल्यांदा ऐकलं न्हाई, खेळवली. म्हणून पुन्हा काढलं. सारखं काढलं तर कधीतरी ऐकतील की. दुसरी पोरगी कोण ठेवायची तेही दाखवलं त्यांना. ती पण तसाच बॉल मारते."

त्याला वाटून राहिलं होतं की आपण मोबाईलवर संघ लावतो तो तिकडं जातो. तुमच्या कोच मॅडमच्या हातात.

म्हटलं, "काका, मग बैठकीत का न्हाई बोलले हे?" तो म्हणाला, "पोरीचा पाय अधू झाला म्हणून चार लोकांत सांगू? उद्या तिला कोण विचारंल? त्यापेक्षा गूळ दिलेला बरा."

मी त्याला समजावून सांगितलं. हा नुस्ता खेळ हाये, तिकडं कोणाला काही कळत न्हाई, कळणारही न्हाई. तो बांधावर खाली बसला. म्हणाला, "म्हंजे मी कोणालाच सांगितलं न्हाई?"

आज सकाळी मी अकादमीच्या ऑफिसात फोन लावला. बाई म्हणाल्या संघ उद्या निघतोय, पोरी सरावाला गेल्यात, काय निरोप हाये तो सांगा. 'गुडघा' हा शब्द माझ्या ओठावर होता गं. पण निवडवाले डोळ्यापुढं आले, तुझा तो बाण आला. म्हटलं हे सांगायचं तर तूच सांगावं. मी म्हटलं, काही न्हाई, घरी फोन करायला सांगा. ठेवला फोन.

काकावर रागावू नको. मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते सगळं झूट होतं. जा मॅडमकडं.

दिपक


जबलपूर
२७ जानेवारी २०२५

दिपकभिया,

तुझं चार तारखेचं पत्र मला काल मिळालं. मी रांचीहून थेट दवाखान्यात आले होते. पत्र हॉस्टेलात माझ्या उशीवर पडून होतं, सलोमीनं काल आणून दिलं. घरी फोन करायचा निरोप कोणी दिलाच न्हाई. निघायच्या गडबडीत राहिला असेल.

तू मॅच बघितलीस, म्हणजे पडताना बघितलंच असशील. टीव्हीवर आवाज येत नसेल. मला आला. कोणी ओली फांदी मोडावी तसा. बॉल गोलात गेला का हे मी पडल्या पडल्या विचारत होते. न्हाई गेला. गोलकीपरच्या पायाला लागून बाहेर.

गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलंय अन् आतली गादीही फाटली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आधीपासून अर्धं तुटलेलं होतं, महिनाभर आधी आली असतीस तर विश्रांतीवर भागलं असतं. शितल मॅडम बाजूला उभ्या होत्या. त्या खाली गेल्या अन् रडून परत आल्या. चालशील, पळशीलही, पण फ्लिक विसर, असं डॉक्टर म्हणतात.

सलोमीची कॅम्पला निवड झाली. व्हायलाच हवी होती. पत्र देऊन ती उभीच राहिली. मी म्हटलं जा, तुझी गाडी चुकेल.

भिया, बा बांधावर बसला ते मी वाचलं. पुढचं वाचवलं न्हाई मला. सारखं तेच दिसतंय. तो मला थांबवत होता अन् मला वाटलं, ढकलतोय.

माझं एकोणतीस तारखेचं पत्र त्याला दाखवलंस का? दाखवलं नसशील तर दाखवू नको. मी मॅडमच्या खोलीवरून परत फिरले ते कशामुळं, हे त्याला कधीच कळता कामा नये.

पुजा


कळमनुरी
९ फेब्रुवारी २०२५

पुजे,

न्हाई दाखवलं. माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक न्हाई.

इकडं लीग बंद केली. नायक म्हणाला, पुन्हा ह्या गोष्टीचं नाव काढू नका. ॲपमध्ये तुझ्या नावापुढं आता बाणच न्हाई. लाल अक्षरात 'उपलब्ध नाही' एवढंच.

हळद काढायला आली. काका दिवसभर रानात असतो, पण संध्याकाळी दुकानावर येऊन बसतो. रोज एकच विचारतो. "मी नाव काढलं ते पुजाला खेळायच्या आधी कळलं होतं का रे?" मी म्हणतो, मला ठाऊक न्हाई. तो म्हणतो, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मला त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई. मीच लिहिलं होतं ना तुला, अन् वर मीठ लावून लिहिलं.

आता त्यानं तुलाच पत्र लिहिलंय. सोबत घातलंय. काय उत्तर द्यायचं ते तू बघ. मला सांगायचा हक्क न्हाई.

दिपक


पुजास,

मी पेमा. अक्षर लागत नसेल तर कोणाकडून वाचून घे. लई वर्सांनी लिहून राहिलो.

पाय कसा हाये. याडी नवस बोलली हाये. आजी बरी हाये.

मला एक विचारायचं होतं. फोनवर बाई बसलेली असते, अन् घरात सगळे असतात, म्हणून लिहितो. मी मोबाईलमदून तुजं नाव काढलं. ते तुला मॅचच्या आधी कळलं का. कळलं असंल तर तुला वाईट वाटलं असंल. वाईट वाटून तू जोर लावला असशील. मग हे माज्याच हातानं झालं. मला रातीला झोप लागत न्हाई. लोकं म्हणतात ते म्हणू दे. तू खरं काय ते सांग. मला दुसरं कोणी खरं सांगत न्हाई.

मला वाटलं बापाचं ऐकतील.

पेमा


जबलपूर
२० फेब्रुवारी २०२५

बा,

तुझं अक्षर लागलं. एक शब्दही कोणाकडून वाचून घ्यावा लागला न्हाई.

पाय बरा आहे. टाके काढले. कुबड्या घेऊन मी व्हरांड्यात चकरा मारते. होळीच्या आधी घरी न्यायला परवानगी आहे, तू एकटाच ये, सगळा तांडा आणू नको. गाडीत खिडकीची जागा बघ, पाय सरळ ठेवावा लागतो. घरी आल्यावर हळदीचं काम मला सांगायचं न्हाई, बसून खाणार आहे मी.

आता तू विचारलंस ते. न्हाई बा. मला काहीच कळलं नव्हतं. दिपकभियाचं पत्र मला ऑपरेशन झाल्यावर मिळालं, तारीख हवी तर त्याला विचार. मोबाईल तर आमच्याकडं नव्हतेच. मला कोण सांगणार?

त्या दिवशी मी खुशीत होते. सकाळी पोटभर जेवले. मैदानात जाताना सलोमीला म्हटलं, आत्ता आमच्या ओसरीवर सगळे बसले असतील, अन् माझ्या बानं सगळ्यात आधी मला कॅप्टन केलं असेल. पाय आधीच खराब झाला होता, तो कधीतरी जाणारच होता. मी तुझ्यापासून लपवलं, ती चूक माझी. तुझा ह्यात काही हात न्हाई.

हे खरं आहे बा. झोपत जा आता.

तुझी,
पुजा